पंपाचा दांडा आणि जुनी साडी

'शास्त्रज्ञ' असा शब्द उच्चारला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो? मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला हा प्रश्न विचारतो. उत्तर ठरलेले असते. पांढरा कोट, हातात परीक्षानळी, विस्कटलेले केस. वर्गात चारशे मुले बसून गेली असतील, पण घरोघर हिंडून बायाबापड्यांशी बोलणारा आणि वहीत टिपणे घेणारा शास्त्रज्ञ आजवर एकानेही सांगितला नाही. मुलांना दोष का द्यावा? मी स्वतः एम.एस्सी. करत होतो तेव्हा माझेही मत असेच होते. वसतिगृहात माझ्या खोलीत समाजशास्त्राचा एक विद्यार्थी राहत असे. सुट्टीत तो खेड्यांत जाऊन प्रश्नावल्या भरून आणी, आणि मी त्याची थट्टा करी. "कागद भरून आणणं म्हणजे काय संशोधन झालं?" एकदा तो शांतपणे म्हणाला, "तुझा इलेक्ट्रॉन तुझ्याशी कधी खोटं बोलतो का रे? माझी माणसं बोलतात. आणि कधीकधी मला बरं वाटावं म्हणून बोलतात. आता सांग, अवघड प्रयोग कुणाचा?"

मला उत्तर सुचले नाही. ते सापडायला मला बरीच वर्षे लागली, आणि सापडले ते पटकीच्या गोष्टीत. पटकी म्हणजे कॉलरा. आमच्या घरात या शब्दाला एक जुनी जखम आहे. माझ्या आजीचे दोन भाऊ एकाच आठवड्यात पटकीने गेले. गावाने मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडला, पण रोग काही गाड्याबरोबर गेला नाही. आजी सांगे, धाकटा भाऊ "पाणी, पाणी" करत होता. पण पाणी दिले की उलटी होते, जुलाब वाढतात, म्हणून कुणी त्याला पाणी दिले नाही. हे सांगताना तिचा आवाज दर वेळी बदले. पाणी दिले असते तर? या प्रश्नाचे नेमके उत्तर आज आपल्याजवळ आहे. ते कोणत्या शास्त्राने दिले, हे आता पाहू.

पहिल्यांदा लंडनला जाऊ. साल १८५४. ऑगस्ट संपता संपता शहराच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने एकदम उसळी घेतली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मेली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांचे मत असे होते की पटकी घाणेरड्या, कुजक्या हवेमुळे होते. जॉन स्नो या डॉक्टरला मात्र संशय होता तो पाण्याचा. त्याचा तर्क साधा होता: हवेतून आलेला रोग फुफ्फुसात सुरू व्हायला हवा, हा तर सुरू होतो पोटात.

स्नोने मृतांच्या पत्त्यांची यादी मिळवली आणि तो दारोदार फिरला. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती गोळा झाले होते. पण एवढ्यावर तो थांबला नाही. ज्या गोष्टी या हिशेबात बसत नव्हत्या त्यांच्याच मागे तो लागला. पंपाजवळच एक अनाथालयवजा आश्रयगृह होते. तिथे ५३५ माणसे राहत, आणि मेली फक्त पाच. का? त्यांची विहीर स्वतंत्र होती. त्याच रस्त्यावर मद्याची एक भट्टी होती. तिथल्या सत्तरेक कामगारांपैकी एकही दगावला नाही. त्यांना कामावर बिअर मिळे, आणि ते रस्त्यावरच्या पंपाकडे फिरकतही नसत. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा पटकीने मेली. तिथे दुसरा रोगी नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज एक बाटली भरून मागवी! स्नोने ७ सप्टेंबरला पंचमंडळापुढे हे सारे मांडले, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथेच संपते, आणि दांडा काढताच साथ थांबली असेही पुष्कळदा लिहिलेले असते. ते खरे नाही. लोक भागातून पळून गेले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती. स्नोने स्वतःच हे लिहून ठेवले आहे. मला त्याचा हा प्रामाणिकपणा दांड्यापेक्षा मोठा वाटतो.

गोष्टीचा पुढचा नायक तर डॉक्टरही नव्हता. हेन्री व्हाइटहेड हा त्या भागातला तरुण पाद्री. स्नोचे म्हणणे त्याला पटले नाही, आणि ते खोडून काढण्यासाठीच तो चौकशीला निघाला. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी स्नोकडे नव्हती: लोक त्याला ओळखत. ज्या दाराआड दुःख होते तिथे तो चारचार, पाचपाच वेळा जाऊ शकत होता. मेलेल्यांनी कुठले पाणी प्यायले हे जसे त्याने विचारले, तसे जगलेल्यांनी कुठले प्यायले हेही विचारले. (हा दुसरा प्रश्न विसरणारे आजही थोडे नाहीत.) आकडे जमत गेले तसा तो स्नोच्या बाजूला वळला. शेवटी त्यानेच शोधले की पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातील एक तान्ही मुलगी साथ उसळण्याआधी आजारी होती, आणि तिच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घराखालच्या शौचकुंडात ओतले होते. खणून पाहिले तेव्हा त्या कुंडाच्या विटा कुजून गेलेल्या, आणि विहीर तिथून अवघ्या तीनेक फुटांवर.

आता माझ्या आवडीचा भाग येतो, म्हणून जरा रेंगाळतो. त्याच काळात विल्यम फार नावाचे एक निष्णात सांख्यिकीतज्ज्ञ लंडनच्या मृत्यूंची नोंद ठेवत. १८४९ च्या साथीचे आकडे घेऊन त्यांनी पाहिले की वस्ती थेम्स नदीपासून जितकी उंचावर, तितके मृत्यू कमी. २० फुटांहून कमी उंचीवर दर १०,००० माणसांमागे १०२ मृत्यू, आणि १०० ते १२० फुटांवर फक्त १७. मधले आकडेही क्रमाने उतरणारे. फार यांनी त्यासाठी सूत्र मांडले आणि ते आकड्यांशी छान जुळले. निष्कर्ष: नदीकाठची कुजकी हवा खाली दाट, वर विरळ, म्हणून रोग हवेतून.

आलेख सुंदर, सूत्र जुळलेले, आणि कारण साफ चुकलेले! सखल भागातले लोक घाण मिसळलेले पाणी पीत, उंचावरचे बहुतेक लोक दुसरीकडचे पाणी पीत. उंची आणि मृत्यू यांचा संबंध खरा होता. पण उंची हे कारण नव्हते, ती कारणाची सावली होती. प्रयोगवहीत आलेखाची रेषा सरळ आली की तुम्ही खूश होता ना? मीही होतो.

मग हवा की पाणी याचा निकाल कसा लावायचा? भौतिकशास्त्रात आपण म्हणतो, बाकी साऱ्या राशी स्थिर ठेवा आणि एकच बदला. माणसांच्या वस्तीत हे कसे करणार? स्नोला तो प्रयोग तयारच सापडला. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात होते. शेजारशेजारची घरे, तीच हवा, तीच उंची, गरीब-श्रीमंत सरमिसळ; पण एका घरात पाणी एका कंपनीचे, दुसऱ्यात दुसरीचे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे हलवले होते. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातल्याच नदीचे पाणी देत होती.

अडचण एकच. भाडेकरूंना आपले पाणी कुठल्या कंपनीचे हेच ठाऊक नसे, कारण पट्टी मालक भरत. इथे रसायनशास्त्र कामाला आले. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी थेम्समधून शहरापर्यंत येते. म्हणून शहरातल्या पाण्यात मीठ अधिक. स्नो घरातून बाटलीभर पाणी घेई आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकी. दाट पांढरा साका बसला तर पाणी साउथवर्कचे. नुसते किंचित गढूळ झाले तर लॅम्बेथचे. एका पाण्यात मीठ दुसऱ्याच्या जवळजवळ चाळीस पट होते. हा साका तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेला आहे.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: साउथवर्कच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७. फार हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. १८६६ च्या साथीत त्यांनीच पूर्व लंडनच्या पाण्याकडे बोट दाखवले. स्नो मात्र ते पाहायला नव्हता. तो १८५८ मध्येच वारला होता.

ही फार जुनी गोष्ट झाली असे वाटत असेल, तर २०१० ची ऐका. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हैती देशात एकाएकी पटकी उसळली आणि पुढच्या काही वर्षांत हजारो माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची नेपाळी तुकडी जिथे होती त्या छावणीची घाण नदीच्या उपनदीत जात होती. काही संशोधकांनी गावोगाव हिंडून पहिले रोगी कुठे होते याचा नकाशा केला. दुसऱ्यांनी हैतीतल्या आणि नेपाळमधल्या जंतूंची जनुकीय अक्षरे वाचून ताडून पाहिली, तर दोन्ही जवळजवळ एकच निघाली. पायी हिंडणारे आणि प्रयोगशाळेत बसणारे एकाच दाराशी येऊन पोहोचले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०१६ मध्ये हैतीच्या जनतेची माफी मागितली.

पण स्नोला पाण्यात नेमके काय आहे हे ठाऊक नव्हते. १८५४ सालीच इटलीत फिलिप्पो पाचिनी याने सूक्ष्मदर्शकातून तो जंतू पाहिला होता, पण कुणी लक्ष दिले नाही. पुढे रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्याला आले आणि स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांनी पक्का केला. जंतू सापडला, तो माणसाला मारतो कसा, हे मात्र पुढची पंचाहत्तर वर्षे कळले नाही. कळले तेही कलकत्त्यातच. शंभुनाथ डे यांनी जंतू वाढवलेले द्रव गाळून त्यातले सारे जंतू काढून टाकले, आणि नुसते ते गाळलेले द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला! जंतू नाही, तरी परिणाम आहे. म्हणजे जंतू एक विष बाहेर टाकतो आणि ते आतड्यातच काम करते. १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध छापून आला. डे यांना हयातीत त्यांच्या योग्यतेचा मान मिळाला नाही. १९८५ मध्ये ते वारले. त्यांचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आता आजीच्या भावाकडे येऊ. हे विष आतड्याच्या पेशींना जणू कळ दाबून ठेवते, आणि पेशी शरीरातले मीठ व पाणी बाहेर ओतत राहतात. कधीकधी तासाला एक लिटरपर्यंत. रोगी मरतो तो या शोषाने. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे आत शोषले जात नाही. मीठपाणी पाजले तरी तीच गत. पण १९६० च्या सुमारास एका अगदी वेगळ्या कामातून, साखर आतड्यात कशी शोषली जाते या अभ्यासातून, रॉबर्ट क्रेन यांनी एक गोष्ट सुचवली होती: ग्लुकोजचा रेणू पेशीत शिरताना सोडियमला सोबत घेऊन जातो. दोघांची जोडी आत गेली की त्यांच्या मागोमाग पाणी जाते, कारण परासरण! आणि गंमत अशी की पटकीचे विष या दाराला हातच लावत नाही. बाहेर जाणारा नळ फुटलेला असतो, पण आत येणारा शाबूत असतो. ढाक्यात १९६८ साली डॉक्टरांनी रोग्यांवर हे सिद्ध केले.

तरीही शंका होत्या. शिरेतून सलाइन देणे हेच खरे औषध, तोंडाने पाजणे म्हणजे घरगुती उपाय, असे पुष्कळांना वाटे. मग १९७१ आले. बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती, डॉ. दिलीप महालनबीस यांना रोग्यांच्या घाणीत गुडघे टेकून सलाइन लावावे लागे. तेही संपत आले. तेव्हा त्यांनी ठरवले, पाजायचे. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरल्या, इस्त्रीने त्यांची तोंडे चिकटवली. खर्च लिटरला ११ पैसे! पिंपातले हे पाणी आया, भाऊ, शेजारी पेल्यापेल्याने रोग्यांना पाजत बसले. आधी शंभरातले तीसपर्यंत मरत होते. हे पाणी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ मध्ये वारले.

याच पाण्याला आपण जलसंजीवनी म्हणतो. औषधाच्या दुकानातली पुडी आणून तिच्यावरचे आकडे वाचा. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. साखर कमी का केली? परासरणाला कणांची संख्या कळते, वजन कळत नाही. प्रत्येक पदार्थाचे वजन त्याच्या रेणुभाराने भागा आणि पाण्यात त्याचे जितके तुकडे होतात तितक्यांनी गुणा. मिठाचे दोन, ग्लुकोजचा एकच, सायट्रेटचे चार. (सायट्रेटचा रेणुभार स्फटिकजलासह २९४ धरा.) मिलिमोलमध्ये बेरीज २४५ च्या आसपास येईल. बनगावच्या पाण्याची करा. ती ३०० च्या घरात येईल. रक्ताची साधारण २९०. द्रावण रक्ताहून थोडे पातळ असले की पाण्याचा ओढा आतल्या बाजूला राहतो, आणि पुडीत साखर जास्त घातली तर तीच उलट पाणी बाहेर ओढते. 'चमचाभर जास्त साखर घातली तर काय बिघडले', असे घरी कुणी म्हणाले तर त्यांना हे गणित दाखवा.

शोध लागला, औषध स्वस्त, मग काम संपले का? इथे मला माझ्या खोलीतल्या मित्राची आठवण येते. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार काही दिवसांनी तपासणीत आयांना किती आठवते त्यावर ठरे. आयांना छान आठवत होते, पाणी बिनचूक करता येत होते. आणि तरीही मुलाला जुलाब झाले की पुष्कळ जणी ते करत नव्हत्या. का? रसायनशास्त्रात याचे उत्तर नाही. संशोधक गावात बसून ऐकू लागले तेव्हा कळले की तिथल्या लोकांच्या भाषेत जुलाब हा एक रोग नव्हताच. त्याचे चार प्रकार होते, चार नावे होती. तान्ह्याला दुधाने होतात ते वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे, आणि पाण्यासारखे होतात तोच फक्त 'डायरिया'. शिकवणाऱ्यांनी डायरियाचे औषध सांगितले होते. आयांनी ते डायरियालाच दिले. त्यांचे काहीच चुकले नव्हते! शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितले नव्हते, आणि शिकवणाऱ्यांपैकी काहींचा स्वतःचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. हे कळल्यावर शिकवण्याची पद्धत बदलली. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत ही चिमूट-मूठ पोहोचली.

शेवटी साडीची गोष्ट. पटकीचा जंतू दोन साथींच्या मध्ये कुठे राहतो? रिटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी दाखवले की तो नदी-समुद्राच्या पाण्यात प्लवकांच्या, म्हणजे तरंगत्या बारीक जीवांच्या, अंगाला चिकटून राहतो. (समुद्र तापला की प्लवक वाढतात, म्हणून पुढे उपग्रहांनी मोजलेले बंगालच्या उपसागराचे तापमानही पटकीच्या अभ्यासात आले. तेवढे भौतिकशास्त्राच्या खाती मांडा.) यावरून एक साधी कल्पना निघाली. जंतूची लांबी दोनेक मायक्रॉन. तो कापडात अडकणार नाही. पण तो ज्याच्या पाठीवर बसला आहे तो प्लवक पुष्कळ मोठा. बांगलादेशातल्या बाया सरबत गाळायला साडीच वापरत होत्या. प्रयोगशाळेत पाहिले तर जुन्या सुती साडीच्या चार घड्या केल्या की भोके सुमारे २० मायक्रॉनची होतात, आणि प्लवकांबरोबर बहुतेक जंतू अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन तिचे धागे पिंजलेले असतात आणि भोके भरून येतात. मतलब भागातल्या ६५ गावांत हे करून पाहिले. २००३ साली निकाल छापून आला: साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटली.

पाच वर्षांनी संशोधक त्या गावांत पुन्हा गेले, तेव्हा ३१ टक्के बाया पाणी अजूनही गाळत होत्या. उरलेल्या ६९ टक्क्यांनी का सोडले असेल? घाई? नळ आला? की पुन्हा कुणी विचारायला गेलेच नाही? तुमच्यापैकी एखाद्याला हा प्रश्न भिंगाखाली धरता येणाऱ्या प्रश्नांपेक्षा अधिक ओढून घेत असेल.

आणि भिंगाचीच आवड असेल तर रविवारी एवढे करा. तळ्याचे किंवा शेततळ्याचे पाणी एका बरणीत आणा. आईला विचारून जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या, एक घडी, दोन घड्या, चार घड्या अशा करून त्यातून पाणी वेगवेगळ्या पेल्यांत गाळा, आणि प्रत्येक वेळी कापड उलटे करून थोड्या स्वच्छ पाण्यात झटका. त्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहा. किती हलणारे जीव दिसतात ते मोजून तक्ता करा. गाळलेले पाणी पिऊ मात्र नका, ते झाडांना घाला. आणि तोच तुकडा नव्या कापडाशेजारी ठेवून भिंगातून दोन्हींचे धागे पाहायला विसरू नका.